शुल्कमाफीची भरपाई वेळेत हवी

माफ केलेल्या शुल्काची प्रतिपूर्ती, म्हणजे विद्यार्थ्याऐवजी शासनाने महाविद्यालयाला द्यावयाची रक्कम, त्याच शैक्षणिक वर्षात अदा झालीच पाहिजे, अशी या दैनिकाची ठाम भूमिका आहे. जुलै 2024 मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र प्रवर्गांच्या, 8 लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना मिळालेली संपूर्ण माफी मनापासून स्वागतार्ह आहे.

परंतु ही रक्कम रखडली, तर विनाअनुदानित, म्हणजे शिक्षकांचे वेतनही शुल्कातूनच भागवणाऱ्या महाविद्यालयांची तूट अखेर शुल्कवाढीतून वसूल होते आणि पालघर जिल्ह्यातील तारापूर औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराच्या मुलाला, ज्याला अशी संपूर्ण माफी नाही, पदवी सोडून त्याच वसाहतीत मजुरी धरावी लागते. पालघर जिल्ह्याने हे का सोसावे?

शासनाने प्रतिपूर्तीचे वेळापत्रक जाहीर करावे आणि रखडलेल्या रकमेपोटी होणारी शुल्कवाढ शुल्क नियामक प्राधिकरणाने नाकारावी.