कॅम, फॉलोअर आणि क्विल्ट

'मशीन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? लेथ, मिलिंग, फार तर वर्कशॉपच्या कोपऱ्यात कव्हर घालून ठेवलेलं सीएनसी. शिलाई मशीन कुणाच्याही डोळ्यांसमोर येत नाही. ते आईचं, आजीचं, नाहीतर शिंप्याचं. इंजिनिअरचं नव्हे! मित्रांनो, या समजुतीशी मला जरा भांडायचं आहे, आणि त्यासाठी उदाहरण घेतलंय थेट अमेरिकेतलं.

तिकडे क्विल्टिंग हा मोठा छंद आहे. क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीची लांबची बहीण. आपली गोधडी जुन्या साड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली. क्विल्टमध्ये वर तुकडे जोडून केलेली नक्षी, मध्ये कापसाचा थर आणि खाली अस्तर. 'खरी क्विल्ट हातचीच' असं मानणारे तिथेही खूप होते. १९८९ साली केंटकी राज्यातल्या पडूका शहरात, अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनवर टाके घातलेल्या क्विल्टला सर्वोच्च बक्षीस मिळालं, तेव्हा बराच वाद झाला होता. आता मशीनचं फारसं कुणाला वावडं नाही. पण गंमत अशी, की यातल्या कित्येक जणी शोरूममधलं कॉम्प्युटराइज्ड मशीन सोडून १९५०-६०च्या दशकांतली झिगझॅग मशिन्स शोधून आणतात. सिंगर ४०१, नेकी सुपरनोव्हा, एल्ना सुपरमॅटिक. तेल घालतात, सुताचा कचरा ब्रशने काढतात आणि कामाला लागतात. हा नुसता नॉस्टॅल्जिया आहे का? मला तसं वाटत नाही.

आधी झिगझॅग म्हणजे काय ते बघू. 'फॉल-पिको करून मिळेल' ही पाटी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. साडीच्या काठावरचा तो पिको म्हणजे बारीक झिगझॅगच. साध्या मशीनची सुई फक्त वर-खाली होते, झिगझॅगची डावी-उजवीकडेही सरकते. ऐकायला सोपं! पण सुई कापडात असताना सरकली तर वाकेल, नाहीतर मोडेल. म्हणजे ती बाहेर असेल तेवढ्याच वेळात बाजूला जायला हवी आणि आत असताना आडव्या दिशेने अजिबात हलता कामा नये. ओळखीचं वाटतंय? 'थिअरी ऑफ मशीन्स'च्या पेपरात दहा मार्कांसाठी आपण जो 'ड्वेल' काढतो, तो हाच. डावीकडे एक, उजवीकडे एक अशा दोन टाक्यांचं मिळून एक आवर्तन, म्हणून ही कॅम मेन शाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरते. त्यात पुन्हा खालच्या हुकाने सुईजवळचा दोऱ्याचा फास नेमक्या क्षणी पकडायचा असतो. सुई डावीकडे असली तर तो क्षण वेगळा, उजवीकडे असली तर वेगळा. दोन्हीकडे जमेल असं टायमिंग बसवावं लागतं. इतकं सगळं एका टेबलावर मावतं, आणि आपण त्याला मशीन म्हणायला तयार नाही!

आता क्विल्टवाल्यांचा प्रश्न घ्या. तुकडे जोडताना शिवण काठापासून पाव इंचावर हवी. समजा ती प्रत्येक वेळी फक्त १ मिलिमीटर आत गेली. दोन्ही तुकड्यांतून १-१, म्हणजे एका शिवणीला २ मिलिमीटर कापड जास्त गेलं. एका ओळीत आठ तुकडे, सात शिवणी. झाला १४ मिलिमीटरचा फरक! याला आपण वर्गात 'टॉलरन्स स्टॅक-अप' म्हणतो. झिगझॅग मशीन इथे अडचणच करतं, कारण सुई सरकावी म्हणून खालच्या पट्टीचं भोक रुंद असतं आणि तुकड्याचं टोक त्यात ओढलं जातं. उपाय काय, तर सिंगर ४०१मध्ये ती पट्टी बदलून बारीक भोकाची बसवता येते. झिगझॅग हवा तेव्हा परत रुंद. नक्षीच्या टाक्यांचंही तसंच. काही कॅम आतच असतात, काही वरून बदलायच्या. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम कॅमच्या कडेवर कोरलेला आहे. झाकण उघडा आणि वाचा.

'म्हणजे जुनं ते सोनं?' मुळीच नाही. पुढच्या काळातल्या बऱ्याच मशिन्समध्ये प्लॅस्टिकचे गियर आले आणि कालांतराने ते तडकले. तीही आज जुनीच आहेत. उलट नव्या मशिन्सना दोरा आपोआप कापता येतो, सुई हवी तिथे थांबते, मोठी क्विल्ट सरकवायला जागाही जास्त मिळते. हे सगळं मान्य. मुद्दा वयाचा नाहीच, मुद्दा उघडता येण्याचा आहे. नव्या मशीनचा सर्किट बोर्ड गेला आणि कंपनीने तो बनवणं थांबवलं असेल, तर बाकी सगळं धडधाकट असूनही मशीन भंगारात जातं. सिंगर ४०१मध्ये मात्र आजच्या दुकानातली साधी घरगुती सुई बसते. साठ वर्षं टिकण्याचं रहस्य जितकं मजबूत लोखंडात आहे, तितकंच या बदलता येणाऱ्या, प्रमाणित मापाच्या भागांतही आहे.

डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. चांगली गोष्ट आहे. पण वस्तू जर डिंकाने चिकटवूनच बंद केली असेल, तर हक्क घेऊन काय करणार? तिथे स्क्रू द्यायचा की डिंक, हे ड्रॉइंगवर ठरतं. आणि ते ड्रॉइंग उद्या आपल्यापैकीच कुणीतरी करणार आहे. 'दुरुस्त करणाऱ्याचा हात इथे पोचेल का?' हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही, तर त्या वस्तूचं मरण आपणच लिहिलेलं असेल.

म्हणून एक साधी मागणी. आपल्या लॅबमध्ये कॅम-फॉलोअरचं जे शोभेचं मॉडेल आहे, त्याच्या शेजारी भंगारात निघालेलं एक झिगझॅग मशीन आणून ठेवा. पोरांना उघडू द्या, बिघडवू द्या, परत जोडू द्या. आणि व्हायवाला विचारा, 'सुई कापडात असताना फॉलोअर काय करतो?'

पटलं तर सरांना सांगा. नाही पटलं तर कँटीनमध्ये भेटा, भांडू!