बुक्का आणि कुंकू

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख अभ्यासक्रमांत हटकून येतो, ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या स्थितीविषयी आहे, एवढे आपण परीक्षेपुरते लक्षात ठेवतो. तिच्या शेवटाची चर्चा क्वचितच होते. नायिका यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. विधवेला आधार कोठे मिळावा, या प्रश्नाला मराठी कादंबरीने दिलेले पहिले उत्तर ‘श्रद्धेच्या समूहात’ असे होते. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये दुसरी यमुना उभी केली; तिला असे कोणतेही घर सापडले नाही. या दोन्ही यमुना उच्चवर्णीय कुटुंबांतल्या. तरीही त्यांनी उभा केलेला प्रश्न खेड्यातल्या, कोणत्याही जातीतल्या विधवेपर्यंत आजही जाऊन पोहोचतो.

या प्रश्नावर दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, विधवेवरची बंधने धर्मानेच घातली, तेव्हा धर्माकडून आधाराची अपेक्षा करणे व्यर्थ. दुसरा म्हणतो, भजनात, सेवेत तिचे मन रमते, तिला आणखी काय हवे? आम्हांस दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिल्यात इतिहासाकडे डोळेझाक आहे, तर दुसऱ्यात बाईकडे.

इतिहासाची साक्ष केडगावला आहे. पंडिता रमाबाई स्वतः विधवा होत्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. दुष्काळी मुलखातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा तेथे राहिल्या. त्यांना निव्वळ अन्नवस्त्र मिळाले असते, तर ती दुष्काळातील एक छावणी ठरली असती. पण तेथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, आणि ही कामे बायकाच करीत. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या छपाईचे काम त्याच छापखान्यात चालले. जिने कधी अक्षर पाहिले नव्हते तिच्या हाती अक्षरांचे खिळे आले, याचे मोल मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने अजून नीटसे केलेले नाही.

या आधाराला किंमत होती, हे मान्य केलेच पाहिजे. शारदासदनात धर्मांतर घडते या आक्षेपावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील प्रतिष्ठित हिंदू गृहस्थ बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. आश्रयाच्या बदल्यात श्रद्धा मागितली जाऊ नये, हे तत्त्व योग्यच. परंतु त्या मुली जेथे परत गेल्या त्या घरांनी त्यांना काय दिले, हे विचारण्याची तसदी किती जणांनी घेतली? धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला तो अपवाद म्हणूनच उठून दिसतो. आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई याच शारदासदनाच्या विद्यार्थिनी होत्या.

आता आपल्या घरच्या श्रद्धेकडे वळू. वारीच्या वाटेवर बाईच्या कपाळी बुक्का लागतो, तेव्हा तिचा नवरा हयात आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. दिंडीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, आणि तेथे तीही ‘माउली’ असते. हा आधार खोटा नाही. घराबाहेर पडण्याची, चार जणींत गाण्याची, स्वतःच्या पायांनी चालत जाण्याची मुभा तिला अन्यत्र कोठे मिळत होती? पण आषाढी संपते, श्रावण लागतो. मंगळागौरी सुरू होतात, सवाष्णींना जेवायची बोलावणी जातात, आणि तीच माउली पुन्हा ओसरीच्या कडेला जाऊन बसते. पोटच्या मुलाच्या लग्नात ती मागे उभी राहते. बुक्का सर्वांना आणि कुंकू निवडक कपाळांना, हा भेद एकच गाव, एकाच देवाचे नाव घेत पाळते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे थांबवावे, असा त्याचा आशय होता. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्यास सांगितले. या ठरावाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. मात्र ठराव बांगड्या फोडणारा हात अडवू शकतो, हळदीकुंकवाचे बोलावणे पाठवू शकत नाही. ते देवघरातून आणि अंगणातून जाते. तेथे शासनाची सत्ता चालत नाही, श्रद्धेच्या समूहाची चालते. म्हणूनच त्या समूहाला वगळून हे काम पुरे होणार नाही.

मग त्या समूहाकडून मागायचे काय? येथे बहिणाबाई चौधरींची आठवण अपरिहार्य आहे. खानदेशातली ही शेतकरी बाई तरुणपणीच विधवा झाली. वैधव्यावरील आपल्या गाण्यात ती शेजारणींना कीव करू नका असे बजावते आणि आपले बळ स्वतःच्या कष्टांत शोधते. आम्हांस हीच कसोटी रास्त वाटते. जो आधार विधवेची कीव करतो तो तिला घेणारीच ठेवतो. जो तिला काम, मान आणि हक्क देतो, तोच आधार.

अखंड हरिनाम सप्ताहासाठी गाव घरोघरी वर्गणी गोळा करते, पंगती उठवते. त्याच गावातील भजनी मंडळाने नव्याने विधवा झालेल्या बाईसोबत तलाठ्याकडे जावे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ती पतीची प्रथम श्रेणीची वारस आहे, तरीही सातबाऱ्यावर तिचे नाव लावताना दीर टाळाटाळ करतात, हे गावाला ठाऊक असते. काल्याच्या दिवशी पूजेचे पहिले ताट तिच्या हाती द्यावे. कीर्तनकारांनी निरूपणात हा विषय घ्यावा. यांपैकी कशासाठीही नवा देव लागत नाही, की नवा ग्रंथ.

साहित्याच्या वर्गातही एक काम आहे. या दोन यमुना, केडगावचा छापखाना आणि बहिणाबाईंचे गाणे आपण चार वेगवेगळ्या घटकांत शिकवतो. ते एकत्र वाचले, तर समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला तरी आपल्या घरातील आजीची, आत्याची, कदाचित आईची जागा दिसेल. पुढच्या हळदीकुंकवाला तिला पुढे बोलावायचे की नाही, हा निर्णय त्या घरातच व्हायचा आहे.