गाडी 'डायरेक्ट' करून घेताय? आधी हे वाचा

मंडळी, आज राजकारण नाही, नगरपालिका नाही, पाणीही नाही. आज जुन्या गाड्यांबद्दल लिहितोय. विषय किरकोळ वाटेल, पण ज्यांच्या दारात पंधरा-वीस वर्षांची पेट्रोल गाडी उभी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे गॅरेजवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सेन्सरची कटकटच काढून टाकू, कार्बुरेटर बसवू, गाडी डायरेक्ट करू." गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक खूश. गाडी चालू होते, घरी जाते. माझा आक्षेप कार्बुरेटरवर नाही. त्या बदलात वायरिंगचं जे केलं जातं, त्यावर आहे.

थोडं मागे जाऊ. मारुती ८०० आली १९८३ साली, कार्बुरेटर घेऊन. हवा आत ओढली गेली की पेट्रोल आपोआप तिच्यात मिसळणार, एवढा साधा हिशेब. त्या गाडीचा पेट्रोल पंपसुद्धा इंजिनवरच चालायचा. इंजिन थांबलं की पंप थांबला. २००० सालापासून प्रदूषणाच्या नियमांमुळे एमपीएफआय आलं. पंप टाकीत गेला आणि विजेवर चालू लागला. पेट्रोल किती सोडायचं, हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवू लागला. त्यालाच आपण ईसीएम म्हणतो.

आता लोक उलटा प्रवास का करतात? कारण सरळ आहे. ज्या माणसाने एका म्हशीच्या किमतीत गाडी घेतली, त्याला ईसीएम गेल्यावर जे बिल सांगितलं जातं ते ऐकूनच घाम फुटतो. जुन्या मॉडेलचा पार्ट लवकर मिळत नाही. स्कॅनर असलेलं गॅरेज जिल्ह्याच्या गावाला. आणि आपला मेकॅनिक कार्बुरेटरवरच हात बसलेला, डोळे मिटून खोलतो-जोडतो. त्यामुळे मी ना त्या मालकाला वेड्यात काढणार, ना मेकॅनिकला. अडलेल्या माणसाने काढलेली ही वाट आहे. पण वाट कुठे जाते ते तरी माहीत हवं ना.

पहिला आणि सगळ्यात मोठा मुद्दा पंपाचा. एमपीएफआय गाडीत चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि थांबतो. इंजिन फिरायला लागलं तरच ईसीएम तो पुन्हा चालू ठेवतो. इंजिन बंद पडलं, मग ते कुठल्याही कारणाने असो, पंप बंद. ही सोय कशासाठी? अपघातात पेट्रोलची नळी तुटली आणि इंजिन थांबलं, तर पंपाने रस्त्यावर पेट्रोल ओतत राहू नये म्हणून.

'डायरेक्ट' करताना ईसीएम निघतो आणि पंपाची वायर सरळ चावीच्या करंटवर जोडली जाते. म्हणजे चावी ऑन आहे तोवर पंप चालूच. गाडी खड्ड्यात उलटली, नळी तुटली, आतले लोक बेशुद्ध आहेत, आणि पंप आपला इमानेइतबारे पेट्रोल फेकतोय. शेजारी बॅटरी, गरम सायलेन्सर. पुढचं लिहायला नको.

त्यात दाबाचा फरक. इंजेक्शनचा पंप साधारण तीन बार दाबाने पेट्रोल ढकलतो. कार्बुरेटरला लागतो पाव बारच्या आसपास. जुनाच पंप ठेवला आणि दाब कमी करायची व्यवस्था केली नाही, तर कार्बुरेटर ओसंडतो, पेट्रोल गरम इंजिनवर टपकतं. "गाडीत जरा वास येतो" ही तक्रार कितीजणांची आहे ते आठवून बघा.

दुसरा मुद्दा स्पार्कचा. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत ठिणगी केव्हा पाडायची हेही ईसीएमच ठरवतो. तो काढला तर वेगाप्रमाणे टायमिंग मागेपुढे करणारा जुन्या पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर बसवावा लागतो. नाही बसवला तर गाडी चालते, पण घाटात दम टाकते आणि पेट्रोल पिते. कित्येक गाड्यांत रेडिएटरचा पंखाही ईसीएमच चालू करतो. त्याला वेगळा थर्मोस्विच द्यावा लागतो. तो राहून जातो, मग बाजारातल्या गर्दीत इंजिन तापतं.

तिसरा मुद्दा उरलेल्या वायरींचा. सेन्सर निघाले, पण त्यांच्याकडे जाणाऱ्या वायरी जागेवरच. त्यातल्या काहींत करंट असतो. त्या कापून टेप गुंडाळून बोनेटखाली कोंबल्या जातात. इंजिनच्या उष्णतेने टेप वर्षभरात सुटतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी तांब्याची तार लावलेली मी स्वतः पाहिली आहे. फ्यूज उडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय. त्याचं तोंड बंद केलं की मग वायरच पेटून सांगते.

हे काम नीट करताच येत नाही असं नाही. अमेरिकेत जुन्या गाड्यांचे शौकीन असे बदल करतात. पण ते कमी दाबाचा पंप लावतात, त्याला रिले आणि स्वतंत्र फ्यूज देतात, ऑइलचा दाब गेला किंवा धडक बसली की पंप बंद होईल असा स्विच टाकतात, आणि नको असलेली वायर मुळापासून काढतात. म्हणजे ईसीएम जी राखण करत होता, ती दुसऱ्या मार्गाने परत बसवतात. आपल्याकडे राखणदार काढतात आणि दार उघडंच ठेवतात.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मेकॅनिकला नाही, मालकाला. विमा कंपनीलाही दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

आणि पीयूसी? बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के. त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्के. कार्बुरेटर लावून, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेली गाडी ०.५ मध्ये बसवणं जवळजवळ अशक्य. तरीही या गाड्यांच्या काचेवर पीयूसी आहे. कशी, हे मी सांगायची गरज नाही.

पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं तेव्हा गाडी तपासली जाते. चेसिस नंबर, लाइट, ब्रेक बघतात. पण बोनेट उघडल्यावर एमपीएफआय गाडीवर कार्बुरेटर दिसला, तर तो दिसायला हवा की नको? पंपाची वायर कुठून आली आहे हे बघायला पाच मिनिटं लागतात. आरटीओने ती पाच मिनिटं द्यावीत, एवढीच मागणी आहे.

पण नुसता दंड करून भागणार नाही. केंद्र सरकारने २०२२ साली 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. कागदावर छान. आपल्या गावातल्या मेकॅनिकला जुन्या गाडीचा वायरिंग नकाशा मराठीत मिळतो का? आयटीआयमध्ये संध्याकाळचा एक छोटा वर्ग, दोन स्कॅनर, आणि ते वापरायला शिकवणारा माणूस, एवढं झालं तरी निम्म्या गाड्या 'डायरेक्ट' होण्याआधी वाचतील. कारण कित्येकदा ईसीएम गेलेलाच नसतो. एखादा सेन्सर किंवा गंजलेली अर्थिंग असते. तपासायला साधन नाही म्हणून अख्खी यंत्रणा उपटली जाते. आमदार-खासदार निधीतून गावोगावी कमानी उभ्या राहतात, तिथे दोन स्कॅनर जड नाहीत.

तोपर्यंत आपल्या हातात काय? जुनी गाडी घेताना बोनेट उघडा. आणि एक सोपी तपासणी करा. चावी ऑन करा, स्टार्ट मारू नका. मागच्या बाजूने पंपाचा 'घूंऽऽ' आवाज येऊन दोन-तीन सेकंदांत थांबला पाहिजे. थांबतच नसेल, तर त्या गाडीत लेकराबाळांना बसवण्याआधी चांगल्या वायरमनकडे न्या. पंपाला रिले आणि सुरक्षा स्विच लावून घ्या. खर्च एका टायरपेक्षाही कमी येईल.

तुमच्या गाडीचा आवाज थांबला की नाही, कमेंटमध्ये सांगा. आणि ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याला ही पोस्ट पाठवा.