बर्फ नसला तरी फरशी आहेच की!

दोस्तांनो, खरं सांगा. रील्स बघताना बर्फावर भिंगरीसारखी फिरणारी मुलगी दिसली की अंगठा आपोआप थांबतो ना? आणि पाठोपाठ मनात येतं, ‘हे आपल्याकडे कुठलं!’ बरोबरच आहे. शिरूरमध्ये बर्फ भेटतो रसवंतीवर आणि दौंडमध्ये गोळ्याच्या गाडीवर. फिगर स्केटिंगला लागतो तो साठ बाय तीस मीटरचा, वर्षभर गोठलेला.

पण हे रडगाणं फक्त आपल्या दोन तालुक्यांचं नाही. डेहराडूनची हिमाद्री रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली. स्पर्धा संपली आणि पुढे कित्येक वर्षं रिंकला कुलूप. ती पुन्हा सुरू व्हायला 2025 उजाडलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत चीनमधल्या हार्बिनला आशियाई हिवाळी स्पर्धा झाली. तिथे फिगर स्केटिंगमध्ये भारताची तारा प्रसाद आठवी आली. कौतुकच आहे तिचं, पण तारा वाढली आणि शिकली अमेरिकेत. 2019 मध्ये तिने भारताचं नागरिकत्व घेतलं. थोडक्यात काय, तर जिथे बर्फ, तिथेच खेळाडू घडतो.

मग आपण नुसते रील्सच बघायचे? अजिबात नाही. आपल्याकडे चाकं आहेत! 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुपकुमार यामाने आर्टिस्टिक रोलर स्केटिंगमध्ये ब्राँझ मिळवलं. त्याच गिरक्या, त्याच उड्या, फक्त पात्याऐवजी चाकं. आणि आपल्या जिल्ह्यातलंच नाव हवं असेल तर पुण्याची श्रेयसी जोशी. 2025 मध्ये दक्षिण कोरियात झालेल्या आशियाई रोलर स्केटिंग स्पर्धेत तिने इनलाइन फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक पटकावलं. या प्रकारात ओळीने मांडलेल्या छोट्या कोनांमधून संगीताच्या तालावर, जास्तीत जास्त दोन मिनिटांत, आपली करामत दाखवायची असते. कोन पाडला की अर्धा गुण कट. यासाठी बर्फ लागत नाही. गुळगुळीत फरशी आणि रोजचा सराव लागतो.

सरावाचंच बोलूया. ज्यांच्याकडे स्केट्स आहेत किंवा जे घ्यायचा विचार करतायत, त्यांच्यासाठी पाच गोष्टी.

आधी वळणं, मग उड्या. बर्फावर आकृत्या कोरायच्या म्हणून या खेळाचं नाव ‘फिगर’ स्केटिंग. रोजची पहिली पंधरा मिनिटं एका पायावर मोठी वळणं घ्या. डावा-उजवा पाय, पुढे-मागे, आतल्या बाजूला झुकून आणि बाहेरच्या बाजूला झुकून. इंग्रजी आठचा आकडा काढा. कंटाळवाणं आहे, पण तोल इथेच येतो.

उडी आधी साध्या बुटात. ‘ॲक्सल’ ही पुढे तोंड करून घ्यायची एकमेव उडी. उतरताना पाठ पुढे, म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त. ती आधी मातीच्या मैदानावर किंवा मॅटवर करा. हात छातीशी घट्ट, उतरताना एक पाय, गुडघा वाकलेला. तसंच दोन सेकंद थांबता आलं, तरच उडी जमली म्हणायची.

पडायला शिका. हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे पॅड घातल्याशिवाय नाही म्हणजे नाहीच. तोल गेला की गुडघे वाकवा, एका कुशीवर पडा, हात टेकवायला जाऊ नका. मी पहिल्यांदा स्केट्स घातले तेव्हा हातच टेकवला होता. आठवडाभर लॅपटॉपवर एका हाताने टाइप करत होते!

मोबाइल रीलसाठी नाही, चूक पकडण्यासाठी. स्लो-मोशनमध्ये शूट करा. एका दिवशी एकच चूक निवडा आणि तिच्याच मागे लागा.

गाणं थांबवायचं नाही. मध्येच पडलात तरी उठा आणि जिथे गाणं असेल तिथून पकडा. अमेरिकेचा नेथन चेन 2018 च्या ऑलिम्पिकमध्ये पहिल्या फेरीत सतराव्या स्थानावर घसरला होता. पुढच्या फेरीत त्याने चार गिरक्यांच्या सहा उड्या मारल्या आणि पाचवा आला. चार वर्षांनी सुवर्ण!

रिंकच नसेल तर काय, याचंही उत्तर आहे. 11 मार्च 2011 ला जपानमध्ये भूकंप झाला तेव्हा सोळा वर्षांचा युझुरू हान्यू सेंदाईच्या रिंकवर सराव करत होता. तो स्केट्स घालूनच बाहेर पळाला. रिंक बंद पडली. मग त्याने ठिकठिकाणच्या जवळपास साठ आइस शोमध्ये भाग घेतला आणि त्यालाच सराव मानलं. 2014 आणि 2018, दोन्ही ऑलिम्पिकची सुवर्णपदकं त्याचीच.

पण सगळा भार पोरांच्या जिद्दीवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. हान्यूला निदान शो तरी होते. शिरूरहून एसटीने किंवा दौंडहून रेल्वेने पुण्याला सरावाला जायचं, तर दिवसाचे कितीतरी तास प्रवासातच जातात. कॉलेज सांभाळून हे किती जण करणार? आणि किती मुलींना घरून उशिरापर्यंत थांबू देणार? म्हणून मागणी बर्फाची नको, फरशीची करूया. तालुका क्रीडा संकुलात एक गुळगुळीत, सपाट पट्टा आणि वर दिवे. कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टवर सकाळचा एक तास. आपल्याकडे मंगल कार्यालयांना काय तोटा? लग्नाची तारीख नसेल त्या दिवशी त्या मोठ्या हॉलला कुलूपच असतं. पाच जणांनी मिळून मालकांना विचारून तर बघा!

डेहराडूनच्या रिंकने एक गोष्ट शिकवलीय. नुसतं बांधून भागत नाही, रोज वापरणारी माणसं लागतात. आपल्याकडे माणसं आहेत. तेव्हा या रविवारी कॉलेजचं कोर्ट झाडून घ्या, बाटल्यांची झाकणं ओळीने मांडा आणि पहिला आठचा आकडा काढा.