सात वर्षांची मुभा, तीन वर्षांचं घड्याळ

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर एका कोपऱ्यात एनआयआरएफचा तक्ता असतो. पालक तो सहसा उघडत नाहीत. मी उघडते. 2016 पासून केंद्र सरकार ही क्रमवारी काढतं, त्यासाठी महाविद्यालयं तो भरून देतात. पहिल्या वर्षाला किती आले, किमान ठरलेल्या मुदतीत किती पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती, पुढे शिकायला किती गेले. विद्यार्थ्याचं यश म्हणजे काय, याचं सरकारी उत्तर हेच.

माझं अडतं ते 'ठरलेल्या मुदतीत' या शब्दांपाशी. दहावीपर्यंत उर्दूतून शिकलेली मुलगी बी.कॉम.ला जाते. पुस्तकं इंग्रजीत, ऑफिसातल्या नोटिसा मराठीत. पहिल्या सत्रात दोन विषय राहतात. मग अब्बांचं आजारपण निघतं, नाहीतर निकाह ठरतो. वर्ष जातं. सासरच्यांना राजी करून, मूल अम्मीकडे ठेवून ती पाचव्या वर्षी पदवी घेते. खानदानातली पहिली पदवी! तक्त्यात ती मुदतीत उत्तीर्ण झालेल्यांत नाही. घरी शिकवण्या घेत असेल तर बहुधा नोकरीच्या रकान्यातही नाही. मध्यक पगार तर नोकरी लागलेल्यांचाच काढतात.

सर्वसमावेशकतेचे गुण वेगळे असतात, मान्य. त्यात मुली किती आल्या हे कळतं; उशिरा का होईना, किती जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या, हे नाही.

गंमत अशी की 2020 च्या शैक्षणिक धोरणाने मधेच थांबून परत येण्याची सोय दिली. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार क्रेडिट बँकेत जमा केलेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. म्हणजे मुलीला मुभा सात वर्षांची, आणि तिच्या महाविद्यालयाला गुण मात्र तिने तीन वर्षांत आटोपलं तरच. मग कोणता प्राचार्य अशा मुलीला परत ये म्हणून फोन करील?

मोजूच नका, असं मी म्हणत नाही. शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवून मुलं नापास करणारी महाविद्यालयं उघडी पडायलाच हवीत. पण त्याच तक्त्यात पाच आणि सात वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे दोन रकाने वाढवा. आणि प्रवेशअर्जात एक प्रश्न घाला: घरात याआधी कुणी पदवीधर आहे का?