तारे मोजू नका, पायऱ्या मोजा

"आई, तुमच्यासाठी हॉटेल बघतेय. सिटी सेंटरला घेऊ की जरा बाहेर?"

लेकीचा डब्लिनहून हा फोन आला आणि मी एकदम गप्पच झाले. पोटच्या पोरीकडे जायचं आणि उतरायचं हॉटेलात? सांगलीत कुणाला सांगायची सोय नाही! आमच्याकडे नाशिकची चुलत नणंद आली तरी गाद्या घालून दहा माणसं हॉलमध्ये झोपतात. फोन ठेवल्यावर दोन दिवस मी धुसफुसत होते. "अगं, तिचीही काही अडचण असेल," असं हे म्हणाले, तर त्यांच्यावरच चिडले.

अडचण होतीच. डब्लिनमध्ये गेली कित्येक वर्षं घरांची भयंकर टंचाई आहे. नवरा-बायको दोघं चांगल्या नोकरीत असूनही भाड्याचा फ्लॅट एका बेडरूमचा, त्यात चार वर्षांची नात. घरात किती माणसांनी राहायचं तेही भाडेकरारात लिहिलेलं. तिला आम्ही नको होतो असं नाही, तिला जागाच नव्हती. हे मला तिथे गेल्यावर कळलं. फोनवर मात्र मला फक्त 'हॉटेल' हा शब्द ऐकू आला होता.

तर मंडळी, २०२४च्या जूनमध्ये आम्ही दोघं आयर्लंडला सोळा दिवस राहून आलो. दोन हॉटेलं आणि एक घरगुती बी अँड बी झाली. त्यातून माझं जे पक्कं मत झालं ते आज लिहिते आहे. आपल्यासारख्या पासष्ट-सत्तरीच्या माणसांनी हॉटेल निवडताना तारे मोजू नयेत, अंतरं मोजावीत. लेकीच्या घरापासून किती पावलं, रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या, पलंगापासून बाथरूम किती लांब, आणि बोलायला माणूस किती जवळ. बाकीचं सगळं फोटोत छान दिसतं, पण फोटोत राहायचं नसतं.

पहिलं हॉटेल लेकीने अगदी शहराच्या मध्यात घेतलं, टेम्पल बारच्या जवळ. तिचा हेतू चांगला होता. ट्रिनिटी कॉलेज जवळ, लिफी नदी जवळ, सगळं पायी बघता येईल! दिवसा ते खरंही होतं. पण टेम्पल बार म्हणजे डब्लिनची रात्र जागवणारी वस्ती. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे लोकांची रात्रच मुळी उशिरा सुरू होते. खिडकीखाली पहाटे तीनपर्यंत गाणी चालायची. गाणी सुरात होती हे मान्य, पण चार रात्री? त्यात आंघोळीचा शॉवर टबच्या आत. टबची कड ओलांडायला ह्यांचा ऑपरेशन झालेला गुडघा तयार होईना. चार तारे असलेल्या त्या हॉटेलात ह्यांनी चार दिवस बादली मागितली, आणि बादली काही मिळाली नाही!

त्या ताऱ्यांबद्दल सांगते. आयर्लंडमध्ये 'फॉल्चा आयर्लंड' नावाची सरकारी पर्यटन संस्था आहे. फॉल्चा म्हणजे आयरिश भाषेत स्वागत. हॉटेलांना एक ते पाच तारे असतात ते सोयी आणि सेवा बघून. त्यात लबाडी काही नाही. पण तुमचा गुडघा, तुमची झोप आणि तुमची नात त्या तक्त्यात नसतात. ते आपलं आपणच विचारावं लागतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लेक तिथून लांब पडली. ती राहते सँडीफर्डला. ऑफिस सुटल्यावर ट्रामने आमच्याकडे यायची, तासभर बसायची आणि घड्याळ बघत परत जायची. नात तर दोनदाच आली. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "बाई गं, आम्ही डब्लिन बघायला आलोय की तुला?"

मग आम्ही हललो. सँडीफर्डला लेकीच्या घरापासून दहा मिनिटांवर एक साधं हॉटेल. आजूबाजूला कंपन्यांच्या इमारती, खिडकीतून पार्किंग दिसायचं. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकावा असं काही म्हणजे काही नाही! पण लिफ्ट होती, शॉवर जमिनीलगत होता, आणि संध्याकाळी सहा वाजता दार वाजायचं. नात पळत आत यायची, दोन्ही पलंगांवर उड्या मारायची. लेक डबा घेऊन यायची, कधी पिठलं, कधी नुसता भात-आमटी. एकदा तर ती ऑफिसमधून थेट आमच्या खोलीत आली आणि माझ्या शेजारी आडवी होऊन अर्धा तास झोपली. लग्नानंतर ती माझ्याजवळ अशी कधी झोपली होती, आठवत नाही. त्या सात रात्रींत माझा 'हॉटेल' शब्दावरचा राग गेला.

शहर बघायचं राहिलं असंही नाही. सँडीफर्डहून लुआस ट्रामची ग्रीन लाइन थेट सेंट स्टीफन्स ग्रीनपर्यंत नेते, अर्ध्या तासाच्या आत. तिथेच शेलबर्न हे १८२४ पासूनचं हॉटेल आहे. १९२२ साली आयरिश फ्री स्टेटच्या राज्यघटनेचा मसुदा ह्याच हॉटेलच्या एका खोलीत तयार झाला. इतिहास शिकवलेल्या माणसाला असं ठिकाण बघायचा मोह होणारच. पण ते बघायला तिथे झोपायला कशाला हवं? चहा प्यायला जावं. आम्ही तेच केलं. बिल लेकीने आम्हाला दाखवलंच नाही, त्यामुळे चहा फारच गोड लागला!

डब्लिनमध्ये हॉटेल शोधणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. पत्त्यातला आकडा वाचायला शिका. साधारणपणे लिफीच्या उत्तरेला विषम आकडे, दक्षिणेला सम. डब्लिन १, ३, ५ उत्तरेला आणि २, ४, ६ दक्षिणेला. मुलं एका तीरावर आणि तुम्ही दुसऱ्या, असं होऊ देऊ नका. दुसरं म्हणजे तारखा ठरवण्याआधी क्रोक पार्कला काय आहे ते बघा. ८२ हजारांवर माणसं बसतील एवढं ते मैदान आहे. तिथे मोठा सामना किंवा गाण्याचा कार्यक्रम असला की हॉटेलांचे दर आकाशाला भिडतात. जुलैमध्ये हर्लिंग आणि गेलिक फुटबॉलचे अंतिम सामने असतात. सतरा मार्चच्या सेंट पॅट्रिक डेचंही तसंच.

मग आलं खेडं. लेकीच्या मनात आम्हाला एक रात्र तरी किल्ल्यात ठेवायचं होतं. आयर्लंडमध्ये जुने किल्ले, वाडे ह्यांची हॉटेलं झाली आहेत. मेयो परगण्यातला अ‍ॅशफर्ड किल्ला तर प्रसिद्धच, एके काळी तो गिनेस घराण्याकडे होता. दर बघितला आणि मी हिशोब केला. एका रात्रीला माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनहून जास्त! लेक म्हणाली, "आई, मी देतेय ना." मी म्हटलं, "म्हणूनच नको." ती हिरमुसली. तिला काहीतरी भारी द्यायचं होतं, आणि मी आयुष्यभराच्या सवयीने पैसे वाचवत होते. इथे मी तिचं मन थोडं मोडलं हे मला मान्य आहे. पण एका रात्रीच्या किल्ल्याऐवजी चार रात्रींचं घर मागितलं ह्याचा पश्चात्ताप मात्र नाही.

घर शोधायलाही वेळ लागला. एक सुंदर दगडी कॉटेज सापडलं, पण गावापासून आठ किलोमीटर. तिथले खेड्यातले रस्ते अरुंद, दोन्हीकडे उंच कुंपणं आणि फुटपाथ नाही. वेगमर्यादा तेव्हा ८० होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती ६० वर आणली. स्वतः गाडी न चालवणाऱ्याने अशा जागी राहणं म्हणजे देखणा तुरुंगवासच. दुसऱ्या एका गावातल्या हॉटेलने पाहुणे घेणं बंद केलं होतं. २०२२ नंतर युक्रेनमधून आलेल्या कुटुंबांसाठी सरकारने अनेक गावांतली हॉटेलं घेतली, त्यातलंच ते एक. हे जरा कुरकुरले. मी त्यांना २०१९चा महापूर आठवून दिला. तेव्हा आपल्या सांगलीत शाळा आणि मंगल कार्यालयं अशीच भरली होती. कुणाचं लग्न पुढे गेलं म्हणून आपण पूरग्रस्तांना उठवलं का? मग ते गप्प बसले.

शेवटी वेस्टपोर्ट ठरलं. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून सव्वातीन तासांची रेल्वे, गाडी बदलायची नाही. गाव छोटं आणि आखीव, मधून कॅरोबेग नदी, दोन्ही काठांना झाडं. बाहेर क्रो पॅट्रिक नावाचा ७६४ मीटर उंच डोंगर. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक तो चढतात, काही जण अनवाणी. मला आपली वारी आठवली. आम्ही पायथ्याच्या मरिस्कपर्यंत बसने गेलो. तिथे दुष्काळाचं राष्ट्रीय स्मारक आहे, डोलकाठ्यांना सांगाडे लटकलेलं एक जहाज. १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजलं, लाखो माणसं मेली आणि लाखो अशा जहाजांतून परदेशी गेली. ह्या देशातून मुलं बाहेर जाणं हे आजचं नाही.

राहायला बी अँड बी घेतलं, म्हणजे झोपायला खोली आणि सकाळची न्याहारी. आपल्या कोकणातल्या घरगुती सोयीचा आयरिश अवतार म्हणा. स्टेशनपासून पंधरा मिनिटं, खोली तळमजल्यावर. मालकीणबाई माझ्याच वयाच्या. पहिल्याच सकाळी ह्यांनी 'ब्लॅक पुडिंग' वाचून खूश होऊन बोट ठेवलं. पुडिंग म्हणजे गोडच असणार! बाईंनी लगबगीने येऊन सांगितलं की ते डुकराच्या रक्ताचं असतं. पुढचे दिवस ह्यांनी इमानेइतबारे पॉरिज आणि ब्राऊन ब्रेड खाल्ला. शाकाहारी असाल तर आधीच कळवा, बिचारे आनंदाने करतात.

आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर त्यांनी लगेच लिओ वराडकरांचं नाव काढलं. ते दोनच महिन्यांपूर्वी पंतप्रधानपदावरून पायउतार झाले होते. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, हे मी सांगितलं तेव्हा बाईंना कोण आनंद!

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. बाहेर जाता येईना, तेव्हा बाई चहा घेऊन आमच्याशी बोलत बसल्या. म्हणाल्या, तुम्ही झोपता ती खोली माझ्या मुलीची. ती ऑस्ट्रेलियाला गेली, मुलगा कॅनडाला. खोल्या रिकाम्या राहिल्या, म्हणून पाहुणे ठेवायला लागले. पैशाला मदत होते, आणि सकाळी कुणासाठी तरी अंडी उकडायची असतात.

मी काही बोलले नाही. आमच्या सांगलीच्या घरात वरच्या दोन खोल्या अशाच बंद आहेत. दिवाळीला झाडून परत कुलूप लावते. जिथून मुलं गेली तिथे खोल्याच खोल्या, आणि जिथे मुलं गेली तिथे आईबापांना झोपायला जागा नाही. ह्याला कुणाचा दोष म्हणायचा? मुलांचा तर नाहीच. त्यांनी हॉटेल बघितलं म्हणजे आपल्याला दूर केलं असं नसतं. त्यांच्याकडे होती ती जागा त्यांनी दिली, नव्हती ती विकत घेऊन दिली.

म्हणून माझ्या वयाच्या वाचकांना सांगणं एवढंच, की मुलांनी "हॉटेल बघू का?" विचारलं तर रुसू नका, सरळ यादी द्या. तुझ्या घराच्या जवळ हवं. लिफ्ट किंवा तळमजला हवा, कारण जुन्या घरांच्या हॉटेलांत बरेचदा लिफ्ट नसते. शॉवर जमिनीलगत हवा. 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे पलंग, 'डबल' म्हणजे एकच, तेव्हा ज्यांचे हे घोरतात त्यांनी ट्विन मागावी. खेड्यात जायचं तर स्टेशनपासून चालत जाता येईल असं एकच ठिकाण, निदान तीन रात्री. आणि मुलांनो, तुम्हालाही एक सांगते. आईबापांना भारी हॉटेल देण्यापेक्षा संध्याकाळी सहाला दार वाजवता येईल असं हॉटेल द्या.

असो. ह्या डिसेंबरात लेक सांगलीला येते आहे. परवा व्हिडिओ कॉलवर नातीने विचारलं, "आजी, तुझ्या हॉटेलला लिफ्ट आहे का?" तिने मला बहुतेक वेळ हॉटेलातच पाहिलं ना, तिला वाटतं आजी तिथेच राहते.

मी म्हटलं, "लिफ्ट नाही गं. तुझी खोली माडीवर आहे, सतरा पायऱ्या आहेत. पण भाडं नाही."

वरच्या खोल्यांची कुलपं कालच काढली.