दोन आकड्यांचे घर

घराचा सौदा ठरला की आपल्याकडे, मग ती अमरावती असो की अकोला, भावापाठोपाठ लगेच दुसरा प्रश्न येतो: एक नंबरमध्ये किती आणि दोन नंबरमध्ये किती? हा प्रश्न कोणी दबक्या आवाजात विचारत नाही. चहाचा कप खाली ठेवता ठेवता, वडीलधाऱ्यांसमोर, लेकरे ऐकत असताना तो विचारला जातो. रेडीरेकनरच्या सरकारी दराने जेवढी किंमत निघते तेवढी खरेदीखतात लिहायची आणि उरलेली पिशवीतून द्यायची, ही आपल्या सुशिक्षित वस्त्यांची रीत झाली आहे. शिक्षक, डॉक्टर, वकील, व्यापारी, यातला कोणता वर्ग तिच्याबाहेर राहिला?

मीही नाही राहिलो. चाळीस लाखांच्या घराची खरेदी मी पंचवीस लाखांची लावली. उरलेले पंधरा लाख विकणाऱ्याच्या दिवाणावर मोजले गेले. नोटा उडू नयेत म्हणून पंखा बंद केला होता आणि माझी आई गड्ड्यांचे रबर काढून एका वाटीत गोळा करत होती. चौथ्या दिवशी कचेरीत विकणाऱ्याने पूर्ण मोबदला मिळाल्याचे सांगितले, मी सही केली. आठवड्याने त्याच घरात सत्यनारायण घातला आणि सत्याच्या नावाने शंभर माणसांना शिऱ्याचा प्रसाद वाटला. त्या दिवशी माझ्या मनाला काहीही टोचले नाही, हे आज अधिक लाजिरवाणे वाटते.

ही सवय कुठून आली, याचा विचार केला पाहिजे. 1853 मध्ये निजामाने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. ज्या तिजोरीत आपला पैसा जाई ती आपली नव्हती, आणि सरकारला खरे सांगू नये हे शहाणपण आपल्या पणजोबांनी त्या दिवसांत शिकून घेतले. त्यांची लाचारी समजू शकते. पण सरकार आपले झाले, मते आपण दिली, तरी ते शहाणपण आपण वतनासारखे पुढे चालवले. तेलगीचे बनावट मुद्रांक उघडकीस आले तेव्हा आपण घरोघरी संतापलो. त्याचा कागद खोटा होता. आपण खऱ्या कागदावर खोटी किंमत लिहीत होतो, आणि त्या संतापाच्या दिवसांतही लिहीत होतो.

शहरात मुद्रांक शुल्क साधारण शंभरामागे सहा रुपये धरले तर माझे नव्वद हजार वाचले. विकणाऱ्याचा प्राप्तिकर वाचला तो वेगळा. या सहातला एक रुपया अधिभाराचा, म्हणजे आपल्याच महापालिकेचा. खेड्यात तो जिल्हा परिषदेकडे जातो. गळक्या शाळांबद्दल आणि उखडलेल्या रस्त्यांबद्दल आपण ज्या तोंडाने बोलतो, त्याच तोंडाने हा पैसा नाकारलेला असतो.

तरी तिजोरीचे नुकसान हा या रीतीचा सर्वांत हलका भाग आहे. धरणासाठी, महामार्गासाठी शेत संपादित होते तेव्हा 2013 च्या कायद्याप्रमाणे बाजारभाव ठरवताना रेडीरेकनरचा दर बघतात आणि आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांमधल्या वरच्या भावांची सरासरीही बघतात. जे अधिक असेल ते धरतात. 1894 च्या जुन्या कायद्यातही शेजारच्या खरेद्यांचाच आधार घेतला जाई. आता बघा. समृद्धी महामार्ग आपल्या अमरावती जिल्ह्यातून गेला, मोर्शीकडे अप्पर वर्धा धरण झाले. प्रकल्पग्रस्तांच्या दुःखाची कारणे पुष्कळ आहेत, ती सगळी मी खरेदीखतावर ढकलत नाही. पण ज्याने कधी काही विकले नाही, ज्याला विकायचेही नव्हते, त्या कास्तकाराच्या जमिनीचा भाव तुमच्या-माझ्या खोट्या आकड्यावरून काढला जातो. आपण निम्मी किंमत लिहिली आणि त्याच्या पदरात कमी पडले. तो आपल्याला ओळखतही नाही.

आणि खाली, शहराच्या काठावर, हीच रीत अजून क्रूर होते. अकोल्याला बांधकामावर राबणाऱ्या एका मजुराच्या विधवेने मला तिच्या घराचा कागद दाखवला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत, घडीवर फाटलेला. शंभराचा मुद्रांक, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदारांचे अंगठे. नवऱ्याने आयुष्याची कमाई त्यावर दिली होती. "साहेब, खरेदी झाली ना हे?" असे तिने विचारले. शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, असे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. नुसत्या करारनाम्याने आणि मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. पुरेसा मुद्रांक नसलेला दस्त, तूट आणि दंड भरल्याशिवाय, न्यायालय पुराव्यातही घेत नाही. हे तिला कोणी सांगितले नव्हते. प्लॉट विकणाऱ्याला माहीत होते, कागद लिहिणाऱ्याला माहीत होते, शिक्का मारणाऱ्यालाही. त्या तिघांना धीर कोणी दिला? मुद्रांकाचा पैसा बुडवणे म्हणजे हुशारी, असे चांगल्या वस्तीत बसून रोज बोलणाऱ्या आपण.

अशा जुन्या दस्तांसाठी शासनाने डिसेंबर 2023 मध्ये अभय योजना आणली. 1980 ते 2020 या काळातल्या कागदांची तूट सवलतीत भरता येत होती. एरवी दंड दरमहा दोन टक्क्यांनी चढतो. किती सुशिक्षितांनी ती योजना आपल्या मोलकरणीला, आपल्या गवंड्याला समजावून सांगितली? मी सांगितली नाही. तिचा फलक मी वाचला आणि पुढे गेलो.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाने घर घेतले. दलालाने तोच प्रश्न त्याच सहजतेने विचारला. सगळी रक्कम बँकेतून जाईल आणि तीच दस्तात लिहिली जाईल, असे मुलाने सांगितले. एक विकणारा त्यावर उठून गेला. दुसरा मिळायला सात महिने लागले होते, आणि त्याने तीन लाख वाढवून मागितले. मुलाने ते दिले. घर सुनेच्या नावावर घेतल्याने एक टक्का कमी लागला, तरी वरच्या दोन खोल्यांचे बांधकाम पुढच्या दिवाळीपर्यंत थांबले आहे. गच्चीवर लोखंडी सळया उभ्या आहेत, त्यांना गंज चढू नये म्हणून माझी आई त्यांच्या टोकांना जुने फडके बांधते आहे.